निवटी

निवटी : भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या व ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलावर राहणारा एक उभयचर (पाण्यात व जमिनीवर अशा दोन्ही ठिकाणी वावरणारा) मासा. पाण्याबाहेर काढलेला मासा थोड्याच वेळात गुदमरून मरतो, हा सर्वसामान्य अनुभव आहे. निवटी मात्र ओहोटी लागली की आपणहून बिळाबाहेर येते, चिखलावर सरपटते, उड्या मारते, तेथेच आपले अन्न मिळविते व शेजाऱ्यांशी भांडते. भरती येऊ लागली म्हणजे ती पुन्हा बिळात शिरते. जमिनीवर वावरण्यास लागणारे पाणी ती आपल्याबरोबर वर आणते आणि पिलांच्या वाढीस लागणारी हवा चिखलाखाली नेते. तिची शरीररचना, आहार, लपण्याच्या पद्धती व प्रजोत्पादन या सर्वांचा उलगडा या दुहेरी वाहतुकीवरून होतो.

वर्गीकरण व प्रसार : निवटीसारख्या चिखलावर उड्या मारणाऱ्या माशांच्या तीसहून अधिक जाती असून त्या मुख्यतः पेरिऑप्थॅल्मस, पेरिऑप्थॅल्मोडॉन, बोलिऑप्थॅल्मस व स्कार्टेलॅऑस या चार वंशांत विभागल्या आहेत. पूर्वी त्यांचा समावेश गोबीइडी कुलात करीत. अलीकडील वर्गीकरणात ते ऑक्स्युडर्सिडी या कुलात घातले जातात. महाराष्ट्राच्या खाड्यांतून पकडली जाणारी व बाजारात येणारी निवटी प्रामुख्याने बोलिऑप्थॅल्मस डुसुमिएरी या जातीची असते. हे नाव झां-झाक ड्यूस्यूमिए या फ्रेंच प्रवासी व्यापाऱ्याच्या नावावरून १८३७ मध्ये देण्यात आले. इराणच्या आखातापासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत ही जाती आढळते. या गटातील इतर मासे आफ्रिकेचा पश्चिम किनारा, हिंदी महासागराचे किनारे, आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया, चीन, कोरिया व जपान येथे आढळतात. अमेरिका खंडांच्या किनाऱ्यांवर मात्र त्यांपैकी एकही जाती आढळत नाही.

खाडीच्या मुखाजवळील मऊ गाळ, तिवरांच्या मुळांमधील दलदल आणि खाजणांच्या कडा ही त्यांची आवडती ठिकाणे होत. एकाच खाडीत निरनिराळ्या जाती निरनिराळ्या पातळ्यांवर राहतात. बोलिऑप्थॅल्मस वंशातील मासे खालच्या, उघड्या व पातळ चिखलावर असतात, तर पेरिऑप्थॅल्मस वंशातील मासे सामान्यतः किनाऱ्याच्या अधिक जवळ, खारफुटीच्या आसपास वावरतात व पाण्याबाहेर अधिक काळ राहू शकतात.

शारीरिक लक्षणे : निवटीचे शरीर लांबट, पुढील बाजूस जवळजवळ गोल व शेपटीकडे चपटे होत गेलेले असते. लांबी सामान्यतः १०–१५ सेंमी. असते. रंग चिखलाशी मिळताजुळता, म्हणजे हिरवट करडा ते तपकिरी असतो व त्यावर बारीक फिकट ठिपके असतात. पाठीवर दोन पृष्ठपक्ष (पाठीवरील पर) असून पहिल्याचे काही काटे दोऱ्यासारखे लांब असतात. एरवी हा पर मिटलेला असतो. प्रतिस्पर्ध्याला धाक दाखविताना किंवा मादीला आकर्षित करताना तो शिडासारखा उभारला जातो. अंसपक्ष (छातीवरील पर) बुडाशी स्नायुमय व हातासारखे असतात. श्रोणिपक्ष (पोटाच्या पुढील भागावरील पर) कमीअधिक प्रमाणात जोडले गेलेले असून टेकण्यास व काही जातींत मुळांवर चढण्यास उपयोगी पडतात. अंगावर बुळबुळीत श्लेष्माचा जाड थर असतो.

डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांजवळ व फुगवट्यासारखे वर आलेले असतात. सर्व शरीर पाण्यात बुडालेले असतानाही केवळ डोळे वर ठेवून हा मासा सभोवार पाहू शकतो. बहुतेक माशांना पापण्या नसतात व ते डोळे मिटू शकत नाहीत. निवटीच्या गटातील मासे मात्र डोळे मिटतात. डोळ्याखाली त्वचेची एक वाटी असते. डोळा क्षणभर तीत खाली ओढला जातो आणि त्वचेची घडी त्यावर येते. अश्रुग्रंथी नसल्यामुळे डोळा ओला ठेवण्याचे काम त्वचेवरील श्लेष्म व भोवतालचे पाणी यांच्या पातळ थरावर सोपविलेले असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दाखविण्यात आले, की डोळा ओला ठेवणे, त्यावरील कण काढणे व त्याला इजेपासून वाचविणे ही मनुष्याच्या डोळ्यांच्या उघडझापीची तीनही कार्ये या माशांतही आढळतात. पाण्यात असताना ते क्वचितच डोळे मिटतात. पाण्याबाहेर आल्यावर हे प्रमाण पुष्कळ वाढते.

श्वसन : पाण्याबाहेर बहुतेक माशांच्या कल्ल्यांचे नाजूक पडदे एकमेकांना चिकटतात व त्यांचे श्वसनाचे क्षेत्रफळ घटते. निवटीच्या गटात कल्ल्यांची रचना अधिक ताठ असते. शिवाय त्वचा आणि तोंड व घसा यांची आतील अस्तरे यांत रक्तकेशिकांचे दाट जाळे असून तेथून हवेतील ऑक्सिजन शोषला जातो. तोंडात व कल्ल्यांच्या पोकळीत हवा आणि पाणी साठविले जाते. त्यामुळे जमिनीवर असताना या माशाचे गाल फुगलेले दिसतात. त्वचेतून श्वसन होण्यासाठी ती ओली असावी लागते. म्हणून निवटी चिखलावर वावरताना अधूनमधून एखाद्या डबक्यात कुशीवर लोळून अंग भिजवून घेते. कडक उन्हात किंवा कोरड्या वाऱ्यात ही क्रिया वारंवार करावी लागते व मासा बिळापासून फार दूर जात नाही.

श्वसनाइतकाच अवघड प्रश्न उत्सर्जनाचा असतो. प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणारा विषारी अमोनिया मासे सामान्यतः कल्ल्यांतून भोवतालच्या पाण्यात सोडून देतात. चिखलाच्या बिळातील थोड्याशा साचलेल्या पाण्यात तो साठत जातो. आग्नेय आशियातील पेरिऑप्थॅल्मोडॉन श्लोसेरी या मोठ्या जातीत, बाहेरील पाण्यात अमोनियाचे प्रमाण अधिक असले तरी ऊर्जा खर्च करून तो कल्ल्यांतून बाहेर टाकण्याची क्षमता आढळली आहे. या गटातील चार जातींच्या जनुकसंचांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही अमोनियाचे उत्सर्जन, प्रतिकारक्षमता व दृष्टी यांच्याशी संबंधित जनुकांत पाण्याबाहेरील जीवनाला अनुरूप असे बदल दिसून आले.

हालचाल : चिखलावर सावकाश चालताना दोन्ही अंसपक्ष एकाच वेळी पुढे टाकले जातात, त्यांवर शरीराचा भार घेतला जातो व धड पुढे ओढले जाते. कुबड्यांच्या आधाराने चालणाऱ्या माणसासारखी ही चाल दिसते. धोका जाणवताच शेपटी एका बाजूस वळवून व एकदम सरळ करून मासा उडी घेतो. काही जाती पाण्याच्या पृष्ठभागावरूनही अशाच टप्प्याटप्प्याने उड्या घेत जातात.

अन्न मिळविण्याच्या पद्धती : या बाबतीत गटात दोन भिन्न प्रकार दिसतात. बोलिऑप्थॅल्मस वंशातील मासे मुख्यतः चरणारे आहेत. ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलावर करंडक वनस्पतींचा (सिलिकेचे कवच असलेल्या सूक्ष्म एककोशिक शैवलांचा) सोनेरी तपकिरी थर पसरलेला असतो. निवटी तोंड चिखलाला टेकवून डोके डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे फिरवीत हा थर खरवडून घेते. खालच्या जबड्यातील दात जवळजवळ आडवे असल्याने ते खरवडणीसारखे चालतात. जेथे निवटी चरून गेली असेल तेथे चिखलावर या खुणा स्पष्ट दिसतात.

चरण्याच्या जागेसाठी तीव्र स्पर्धा असते. प्रत्येक मासा आपल्या बिळाभोवतीचा भूभाग राखतो व घुसखोराला पर उभारून, तोंड वासून हुसकावून लावतो. कुवेतच्या किनाऱ्यावरील दाट वस्तीत याहून विलक्षण प्रकार आढळला आहे. तेथील निवट्या तोंडात चिखल आणून आपल्या हद्दीभोवती काही सेंटिमीटर उंचीचे बांध घालतात. शेजाऱ्यांचे बांध एकमेकांना भिडल्याने सर्व पटांगण पंचकोनी व षट्कोनी वाफ्यांत विभागले जाते. डेव्हिड क्लेटन व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात या बांधांचा अभ्यास केला. ओहोटीत बांधांच्या आत पाण्याचा पातळ थर टिकून राहतो. त्यामुळे एकीकडे करंडक वनस्पतींची वाढ होते व दुसरीकडे माशाला अंग ओले ठेवता येते. शेजारी नजरेआड झाल्याने भांडणेही कमी होतात. कोकणातील शेतकरी खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांध घालतो. निवटी ते आत अडवून ठेवण्यासाठी घालते.

पेरिऑप्थॅल्मस वंशातील मासे शिकारी आहेत. छोटे खेकडे, कीटक, कृमी व कोळंबीसारखे प्राणी हे त्यांचे भक्ष्य होय. भक्ष्यावर डोळा ठेवून ते सावकाश जवळ सरकतात व अखेरची झेप घेऊन तोंडात पकडतात. येथे एक अडचण उद्‌भवते. मासे पाण्यात भक्ष्य गिळतात ते तोंडाची पोकळी एकदम मोठी करून, पाण्याच्या लोंढ्याबरोबर ओढून घेऊन. जमिनीवर पाणीच नसल्याने ही युक्ती निरुपयोगी ठरते. आणि भूचर पृष्ठवंशी प्राण्यांसारखी स्नायुमय जीभ माशांना नसते. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पेरिऑप्थॅल्मस बार्बॅरस या आफ्रिकी जातीचे अतिवेगवान चित्रण करून याचे उत्तर शोधले. जमिनीवर येताना मासा तोंडात पाणी भरून आणतो. जबडे भक्ष्याजवळ पोहोचताच या पाण्याचा काही भाग ओठांच्या पुढे येतो व भक्ष्याला वेढतो. लगेच भक्ष्यासह ते पाणी पुन्हा आत खेचले जाते. या वेळी घशाजवळच्या कंठिकेची (जिभेला आधार देणाऱ्या अस्थींची) हालचाल सॅलॅमँडरसारख्या उभयचरांच्या जिभेच्या हालचालीची आठवण करून देणारी असते. भक्ष्य शोषक पृष्ठभागावर ठेवून तोंडातील पाणी टिपले जाईल अशी व्यवस्था केली, तर माशाला ते गिळणे अवघड जाते. तोंडातले पाणी हीच या माशाची जीभ आहे, असे म्हणता येईल. ते संपले की शिकार थांबवून पाण्याकडे परतणे भाग पडते.

बीळ व संरक्षण : उघड्या चिखलावर आडोसा नसतो आणि बगळे, खंड्या, शिकारी पक्षी, पाणसाप व मोठे खेकडे हे शत्रू सतत वावरत असतात. चिखलासारखा रंग हे पहिले संरक्षण होय. स्थिर बसलेली निवटी काही पावलांवरूनही दिसत नाही. माथ्यावरील डोळ्यांमुळे वरून येणारा धोका तिला लवकर कळतो व क्षणार्धात ती बिळात नाहीशी होते. चरतानाही ती बिळाच्या तोंडापासून एका धावेच्या अंतरात राहते. काही जातींची बिळे साध्या नळीसारखी, तर काहींची इंग्रजी वाय किंवा जे या अक्षरांच्या आकाराची असतात. ती तोंडाने खणली जातात व खणलेला चिखल तोंडातूनच बाहेर आणून टाकला जातो. भरतीत पाण्याबरोबर येणाऱ्या मोठ्या माशांपासून बीळ आसरा देते, उन्हाळ्यात गारवा देते आणि जपानसारख्या थंड प्रदेशात हिवाळा काढण्याची जागा पुरविते. या आसऱ्यात एक गंभीर उणीव असते. खाडीचा गाळ कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांनी भरलेला असल्याने बिळातील पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. हवेत श्वसन करणारा प्रौढ मासा यातून मार्ग काढतो. अंड्यांना तो काढता येत नाही.

प्रजोत्पादन : विणीच्या हंगामात नर आपल्या बिळाजवळ उंच उड्या मारून व पृष्ठपक्ष उभारून मादीचे लक्ष वेधतो. आकृष्ट झालेली मादी त्याच्यामागून बिळात शिरते. अंडी घालण्यासाठी बिळाच्या आतल्या टोकाला वर वळलेली, घुमटाकार छताची एक कोठडी केलेली असते. अंडी चिकट धाग्यांनी या छताला एकेरी थरात चिकटविली जातात.

कोठडीतील ऑक्सिजनचा प्रश्न कसा सोडविला जातो, हे जपानमधील पेरिऑप्थॅल्मस मोडेस्टस या जातीवरील संशोधनातून प्रथम तपशीलवार स्पष्ट झाले. आत्सुशी इशिमात्सु व त्यांचे सहकारी यांनी ते २००७ मध्ये प्रसिद्ध केले. मादी अंडी घालून निघून जाते व नर मागे राहतो. ओहोटीच्या वेळी तो पृष्ठभागावर येऊन तोंडात हवा भरतो, पाण्याने भरलेल्या बिळातून खाली जातो आणि ती कोठडीत सोडतो. अशा अनेक फेऱ्यांनंतर घुमटाखाली हवेचा साठा तयार होतो आणि छताची अंडी पाण्यात न राहता दमट हवेत वाढू लागतात. ही हवा संपत जात असल्याने प्रत्येक ओहोटीत नराला ती नव्याने भरावी लागते. अंडी परिपक्व झाली की याच्या नेमके उलट काम सुरू होते. रात्रीच्या वेळी भरती चढत असताना नर कोठडीतील हवा तोंडाने उचलून बिळाबाहेर नेऊन सोडतो. कोठडीत पाणी चढते व अंडी बुडतात. ज्या ऑक्सिजनहीन पाण्यापासून त्याने इतके दिवस अंडी वाचविली, त्याच पाण्यात बुडणे हा अंडी फुटण्याचा इशारा ठरतो. थोड्याच वेळात पिले बाहेर पडतात व भरतीच्या पाण्यात मिसळतात. बिळात हवा साठविण्याची सवय पेरिऑप्थॅल्मोडॉन, स्कार्टेलॅऑस व बोलिऑप्थॅल्मस या वंशांतील काही जातींतही आढळली आहे.

डिंभ व रूपांतरण : अंड्यातून बाहेर येणारा डिंभ (भ्रूणानंतरची, प्रौढाहून वेगळी दिसणारी व स्वतंत्रपणे जगणारी अवस्था) काही मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक व इतर सामान्य माशांच्या डिंभासारखा असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, पर नाजूक असतात आणि श्वसन पूर्णपणे पाण्यात होते. चिखलाशी त्याचा काहीच संबंध नसतो. काही आठवडे तो प्लवकांबरोबर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांबरोबर) वाहत राहतो व त्यांतील बारीक जीवांवर जगतो. दोन सेंमी.पेक्षाही कमी लांबीचा असताना तो पुन्हा किनाऱ्याकडे येऊन चिखलावर स्थिरावतो. या सुमारास डोळे डोक्याच्या बाजूंवरून माथ्याकडे सरकतात, अंसपक्षांचे बूड स्नायुमय होते, त्वचा जाड होऊन तीत रक्तवाहिन्या वाढतात व रंग गडद होतो. बेडूकमाशीचा बेडूक होताना ज्या अवटू ग्रंथीच्या हॉर्मोनांना महत्त्व असते, त्यांचा या रूपांतरणातही वाटा असल्याचे दिसून आले आहे. लहान निवट्या प्रथम ओलसर कडांवर व डबक्यांत राहतात, उथळ बिळे खणतात आणि वाढत्या आकाराबरोबर आपली स्वतंत्र हद्द राखू लागतात.

उत्क्रांतीतील स्थान : पाण्याबाहेर चालणाऱ्या या माशाकडे पाहून भूचर पृष्ठवंशी प्राण्यांचे पूर्वज असेच असावेत, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. चतुष्पाद प्राण्यांची उत्पत्ती मांसल, अस्थियुक्त परांच्या माशांपासून झाली. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात २००४ मध्ये जीवाश्मरूपात सापडलेला टिक्टॅलिक हा त्यांचा निकटचा नातलग सुमारे ३७·५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. निवटी अरीय परांच्या माशांच्या पूर्णतः वेगळ्या शाखेत मोडते व त्या मानाने पुष्कळ अलीकडची आहे. तथापि श्वसन, चालणे, गिळणे, डोळे ओले ठेवणे व अंड्यांची जोपासना हे जे प्रश्न त्या प्राचीन प्राण्यांपुढे होते, तेच निवटीपुढेही आले. जीवाश्मांत हाडे टिकतात. तोंडातले पाणी किंवा डोळ्यांची उघडझाप टिकत नाही. म्हणून अशा मृदू भागांविषयी तर्क करण्यास जिवंत निवटीचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

मानवी संबंध व संरक्षण : मुंबई, ठाणे व रायगड भागांतील आगरी व कोळी समाजांत निवटी आवडीने खाल्ली जाते. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उतरून, बिळात हात घालून किंवा लहान जाळी लावून ती पकडतात. हवेत श्वसन करता येत असल्याने ओलसर पाटीत ती बराच वेळ जिवंत राहते व बाजारात जिवंतच विकली जाते. तिचे कालवण करतात. जपानमधील आरिआके समुद्रात बोलिऑप्थॅल्मस पेक्टिनिरॉस्ट्रिस ही जाती लांब दोरीला बांधलेला गळ दुरून फेकून, चिखलावर बसलेल्या माशाला अडकवून पकडण्याची पारंपरिक पद्धत आहे.

निवटी आयुष्यभर एकाच चिखलात राहते व त्याचाच वरचा थर खाते. त्यामुळे गाळात साठणाऱ्या जड धातूंचा व इतर प्रदूषकांचा अंश तिच्या शरीरात येतो. खाडीच्या प्रदूषणाची ती दर्शक मानली जाते. तशाच खाड्यांतील निवटी खाणाऱ्यांच्या दृष्टीने हा चिंतेचा विषयही आहे. भराव घालणे, बंधारे बांधणे व सांडपाणी सोडणे यांमुळे तिच्या वसतिस्थानाचा नाश होतो. आरिआके समुद्रातील इसाहाया उपसागर १४ एप्रिल १९९७ रोजी सुमारे ७ किमी. लांबीच्या बांधाची दारे सोडून समुद्रापासून तोडण्यात आला. आतील चिखल वाळून गेला व तेथील निवट्या नाहीशा झाल्या. भरती-ओहोटी थांबली की करंडक वनस्पतींचा थर, बिळातील पाणी आणि डिंभांचा समुद्राकडे जाण्याचा मार्ग ही तीनही एकदमच संपतात, हे या घटनेवरून दिसून आले.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस मनाई केली. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत जैविक दृष्ट्या सक्रिय चिखलभूमींनाही संरक्षित भागांत स्थान मिळाले. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. रोहित पक्ष्यांमुळे राखल्या गेलेल्या या चिखलाचा लाभ निवटीलाही मिळतो. झाडे नसलेला उघडा चिखल बहुधा पडीक समजला जातो. निवटीचे अन्न, बीळ व अंड्यांची कोठडी याच चिखलात असल्यामुळे तिवरांबरोबरच त्यांच्यापुढील उघडी पटांगणे व तेथे येणारी भरती यांचे रक्षण तिच्या अस्तित्वासाठी आवश्यक आहे.